नॉर्मल सरांचं रक्त

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या संस्थेच्या संचालक मॅडम. व्यासपीठावर बसलेले आणि माझ्याबद्दल गरजेपेक्षा जास्तच चांगलं बोललेले दोन्ही विभागप्रमुख. समोरचे माझे सहकारी, विद्यार्थी, पाहुणे. आणि मी लवकर आटपावं म्हणून पहिल्या रांगेतून घड्याळाकडे बघणारी माझी पत्नी, सर्वांना नमस्कार.

मला इथे या प्रयोगशाळेचा कणा म्हटलं गेलं. त्या कण्याचा एक्स-रे तुम्ही अजून पाहिलेला नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो, आमची प्रयोगशाळा कुणा एकाची नाही. रक्तातल्या पेशी मोजायचं महागडं मशीन, आजारी अवयवाचे पातळ काप करून काचेवर रंगवायची सोय, सगळं सामाईक. प्रत्येक संशोधक आपले नमुने घेऊन येतो आणि प्रत्येकाला आपलं काम कालच झालेलं हवं असतं. यात माझं काम काय? मशीनची पाळी लावणं, भांडणं मिटवणं, नमुन्यांच्या फ्रीजमध्ये जेवणाचा डबा ठेवणाऱ्याला हुडकून काढणं. खरं सांगू? हे माझ्यावाचून चाललं असतं.

अडायचं ते एकाच ठिकाणी. रुग्णाच्या रक्ताशेजारी दर वेळी एका धडधाकट माणसाचं रक्त तुलनेला लावावं लागतं. नाहीतर रुग्णात काय बिघडलंय हे कळणार कसं? आणि धडधाकट माणूस ऐन वेळी सापडत नाही. सापडला तर सुईला घाबरतो. मग मी बाही वर करायचो. मुलांनी माझं नावच पाडलं, 'नॉर्मल सर'. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "त्या मशीनला आठ दिवस तुमच्याशी संसार करू दे, मग विचारा." हसा, हसा. मला ते नाव फार आवडायचं.

काही महिन्यांपूर्वी माझे सांधे धरले. डॉक्टरांनी स्टिरॉइडची छोटी गोळी सुरू केली. ही ती रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेवते. एकदा तिनं विचारलं, "अजून रक्त देताय, तिथे सांगितलंय ना?" मी म्हणालो, "सांगितलंय."

सांगितलं नव्हतं. स्टिरॉइड घेणाऱ्याच्या रक्तातल्या पेशी बदलतात, ते रक्त निरोगी म्हणून वापरायचं नाही, हे नव्या मुलांना पहिल्याच तासाला मी शिकवतो. तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. डोस लहान आहे, अशी मी मनाची समजूत घातली. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, तेवढे नॉर्मल राहू, असं वाटलं.

या सोमवारी आमच्या मशीनदादांनी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आमच्या तंत्रज्ञांनी, माझ्या रक्ताबरोबर स्वतःचंही लावून पाहिलं. दोघंही निरोगी, तेव्हा आकडे साधारण जवळपास यायला हवेत. येईनात. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ते म्हणाले, "सर, तुम्ही तर नॉर्मल. म्हणजे एक तर मशीन आजारी, नाहीतर मी."

आणि त्यांनी मशीन उघडलं. मी काय केलं? मी टॉर्च धरला. गोळ्यांचं पाकीट शर्टाच्या खिशात, आणि मी वाकून त्यांना उजेड दाखवतोय! मशीनमध्ये काही सापडेना, तेव्हा ते हळूच म्हणाले, "उद्या मी माझीच तपासणी करून घेतो. घरी पोरं लहान आहेत, सर." मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. टॉर्च बंद केला आणि पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर घाईला सांगायचं होतं. घाई म्हणजे सगळ्यांच्या आधी पाळी लावणारी आमची संशोधक विद्यार्थिनी. तिच्या रुग्णांत एका जातीच्या पेशी निरोगी माणसापेक्षा जास्त निघाल्या होत्या; त्यावरचा तिचा शोधनिबंध याच आठवड्यात जायचा होता. तो निरोगी माणूस बहुतेक वेळा मीच. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात जास्त नव्हत्या, तुमच्यात कमी होत्या?" मी म्हणालो, "असंही असेल." तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मी आईला फोन करून सांगितलं होतं हो, सर."

मॅडमना मी सगळं कालच सांगितलं. ज्यांच्या ज्यांच्या कामात माझं रक्त गेलं, त्यांनाही मी स्वतः भेटणार आहे. तरी मॅडमनी समारंभ रद्द केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. विभागप्रमुखांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. सर, आपली भाषणं परत घ्यायला हरकत नाही.

घाईनं निबंध थांबवलाय. तिच्या रुग्णांच्या पेशी गोठवून ठेवल्यात, पण प्रत्येकाची एकच कुपी उरलीय. मोजणी पुन्हा होईल ती एकदाच. त्यासाठी खरोखरची निरोगी माणसं हवीत, बरीच आणि वेगवेगळी. माझ्यासारखा एकच ठरलेला नको. तुम्ही फुलं दिलीत, आभारी आहे. पण मला आणखी काही द्यायचं मनात असेल, तर उद्या सकाळी तळमजल्यावर या आणि मशीनदादांसमोर बाही वर करा. "काही औषध चालू आहे का?" असं ते विचारतील. खरं सांगा. परत जावं लागलं, तर लाजू नका.

भाषण लांबलं, कुणाचे आभार मानायचे राहून गेले असतील, तेवढं सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घ्या असं म्हणायला तोंड नाही. घाई, तू मागे दाराशी उभी आहेस. तू मला आज माफ करू नकोस. मोजणी होऊ दे, मग बघ.

सर्वांचा मी ऋणी आहे. आणि अगं, तू घड्याळाकडे बघायचं थांबवलंस, ते मला इथून दिसतंय. तुलाही मी खोटंच सांगितलं होतं. चल, घरी जाताना बोलू.