ईरप्पांची शिट्टी

सोलापूरच्या स्टँडवर वैरागच्या एसटीसाठी रांग होती. माझ्यापुढं एक आजी आणि मोबाईलवर बातम्या वाचणारी त्यांची नात उभी होती.

"अज्जी, नवा कायदा आणायचं चाललंय. वीज, पाणी, दवाखाने यांचे कॉम्प्युटर शत्रूपासून राखायला साध्या लोकांनाही शिकवून तयार करणार म्हणे."

"कॉम्प्युटरवर कोण बाँब टाकतंय?"

"बाँब नाही गं. लांबून, बसल्या जागी बिघडवतात. मग नळाला पाणी नाही, घरात लाईट नाही."

"आसं व्हय. मग तुझे अज्जा करायचे तेच काम की. एकाहत्तरच्या लढाईत."

"ईरप्पा अज्जा? काय करायचे?"

"भोंगा झाला की शिट्टी घेऊन शुक्रवार पेठेत फिरायचे. कुणाच्या खिडकीत उजेड दिसला की दिवा घालवायला लावायचे, शत्रूच्या विमानाला गाव दिसू नये म्हणून. लोकं शिव्या द्यायची. मी नवी नवरी, अंधारात एकटी. लई राग यायचा मला."

"मग आलं का विमान कधी?"

"न्हाय की. घरी आले की मी इचारायची, आलं का कोण? 'कोण न्हाय आलं,' म्हणून आसं हसायचे, जणू त्यांनीच परत धाडलं."

"मलापण त्या कॉम्प्युटर राखायच्या कामाला नाव द्यायचंय, अज्जी. पप्पा म्हणतात, काही घडलंच नाही तर तू काय केलंस ते कुणाला कळणार?"

"मला कळायचं की. ते येईस्तोवर मी जागी आसायची."

"मग देऊ नाव?"

"दे. आता तर तसंबी झोप येत न्हाय मला."