सासऱ्यांनी आणलेली मऊ बेल

नाही, मला एक सांगा, झोपलेल्या माणसाला हलवून हलवून जागं करायचं आणि विचारायचं काय, तर "झोप झाली का?"... अहो, होत होती! आता कशी होणार?

तुम्हाला सांगतो, विमानात लोकांची सरबराई करायची माझी नोकरी. लोकांना वाटतं, मजा! रात्रभर ट्रॉली ढकलायची, चेहऱ्यावर हसू चिकटवून ठेवायचं, आणि दिवसा सगळं जग कामाला लागलं की आपण पडदे ओढून आडवं व्हायचं. ती साधी झोप नाही हो, नियम आहे! झोप झाली नसेल तर सरळ फोन करून सांगायचं, थकलोय, आज येत नाही. असं माझं दोनदा सांगून झालेलं. आता तिसऱ्यांदा सांगितलं की नेऊन बसवतील ऑफिसातल्या खुर्चीवर, कायमचं! मला? खुर्चीवर?... म्हणजे त्या दिवशी झोप हवीच होती.

सासू-सासरे आमच्याकडे आलेले, म्हणून अख्खं घर पहाऱ्यावर. सासूबाई चवड्यांवर चालणार आणि मधेच "शूऽऽ" करणार. कुणाला? घरात कुणी बोलतच नव्हतं! त्या शूनंच मला जाग. जरा कूस बदलली की दाराच्या फटीतून, "झोप झाली का?"

त्यात दारावरची बेल कर्कश. सासरे पेटले. "जावईबापू, काळजी सोडा, मऊ आवाजाची नवी बेल आणतो!" आणली, बसवली, वाजवली. टिंग!... अहो, तीच! प्रवाशानं डोक्यावरचं बटण दाबलं की वाजते ना, तश्शी!

मी तेव्हा गाढ झोपेत. पुढचं सगळं बायकोनं सांगितलेलं. म्हणे, टिंग झालं आणि मी उठलो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. दारात जाऊन कमरेत वाकलो, "बोला सर, काय आणू?" सासरे आधी दचकले, पण माणूस वस्ताद! म्हणाले, "पाणी." आणलं! ट्रेमधून! मग काय विचारता, दारातच खुर्ची टाकून बसले... टिंग, चहा. टिंग, उशी. टिंग, आणखी चहा! सासूबाई आरामखुर्चीत रेललेल्या, त्यांना म्हणालो, "मॅडम, खुर्ची सरळ करा," आणि त्या घाबरून ताठ बसल्या. मग मी कपबश्या गोळा केल्या, घासल्या, विमानातल्यासारखी कपाटाची दारं दाबून दाबून बघितली, दोघांच्या अंगावर पांघरूण घातलं... आणि दोघं घोरायला लागली!

हे ऐकून मी बायकोवर ओरडलो, "अगं, मला उठवायचं ना!"

"कशी उठवणार? तुमची झोप मोडू नये म्हणून तर सगळी धडपड!"

तरीच जाग आली तेव्हा पाय भरून आलेले, कंबर गेलेली, हाताला साबणाचा वास. आणि समोर सासरे, टवटवीत! "झोप झाली का?"

शेवटी छातीवर दगड ठेवून केला फोन साहेबांना. "सर, थकलोय."

"किती झोपलात?"

खोटं कसं बोलू? "आठ तास."

"मग थकलात कशानं?"

"काम केलं, सर... झोपेत."

पलीकडून हळूच, "कुणाचं काम?"

"घरचं."

"हात्तिच्या! घरचं होय! ते कामात धरत नाहीत हो. ती विश्रांतीच!"

बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "हे तुम्हाला आज कळलं? मी तर लग्न झाल्यापासून विश्रांतीच घेतेय!"

गुपचूप बॅग उचलली आणि निघालो... विमानात निदान कामाला काम म्हणतात!