तेराव्याचं तिखट

न्हाई न्हाई, यशवंता, पाण्याला काय म्हणत्यात ते सोड — तांब्या दाखवला की झालं! मीठ? बोटं चोळून दाखव. अंडं हवं असलं तर साहेब सोताच कोंबडी होऊन ओरडतोय. दोन वर्सं ह्या बंगल्यात चूल पेटवली म्या. सबंध कॅसलरॉकात असा साहेब न्हाई — टेसनावर विंग्रज, हद्दीपल्याड गोव्यात पोर्तुगीज, आणि मधी ह्यो आमचा स्पेनचा रामोनसाहेब, घाटात खाणीचा दगड हुडकत हिंडतोय — पण त्याची भाकरीची भाषा मला येत न्हाई. येती ती निस्ती चेष्टेची. का? अरं, भाकरी हातानं मागता येती, थट्टा हातानं करता येती व्हय? थट्टेला शब्दच लागतोय. म्हणून तेवढेच शिकलो. आता तू माझ्या जागी आलास, तर तेवढेच तुला देतो — माझ्याकडं दुसरं हाय काय द्यायला?

बस चुलीपाशी. धर — ब्रोमा म्हणजे चेष्टा. पहिल्या हप्त्यातच साहेबानं माझ्या पागोट्यात बेडूक ठेवला आणि म्हणाला, ब्रोमा, ब्रोमा! दुसऱ्या दिवशी म्या त्याच्या बुटात खेकडा सोडला आणि म्हणालो, ब्रोमा! — तवापास्नं आमचं जमलं. पायासो म्हणजे सोंगाड्या. हे तो मला म्हणतोय. ग्वासोन म्हणजे दुसऱ्याची टर उडवणारा — हे मी त्याला म्हणतो, त्याला लई आवडतंय. आणि कुणाची फिरकी घेतली की त्यांच्यात म्हणत्यात, तोमार एल पेलो — केस घेतले! बघ, आपण शेंडी लावतो, ते केस घेऊन जात्यात — माणसं समदीकडं सारखीच, डोक्याच्याच मागं लागल्याली. म्हण बघू. तोमार... अरं, जरा हसून म्हण! पंचनाम्याला आल्यावानी काय तोंड करतोस? हसायला येत न्हाई तर शब्द शिकून काय चुलीत घालणार हायस?

आणि समद्यात मोठा शब्द — पोब्रेसीतो. म्हणजे, बिचारं गं माझं ते! ह्यो कवा म्हणायचा? नीट ऐक. माझा रस्सा तिखट. पहिला घास घेतला की साहेब मरतोय. व्हय, मरतोय! छातीवर हात, डोळे पांढरे, आणि खुर्चीसकट धाडदिशी भुईवर. रोज. मग म्या दारात उभं राहून कपाळावर हात मारायचा नि म्हणायचं — पोब्रेसीतो! की उठून बसतोय आणि सगळं पातेलं पुसून खातोय. म्हणायला उशीर झाला तर तसाच पडून राहतोय, नाकावर माशी बसली तरी. एकदा माझी बायको, सुंदरी, लाकडं घेऊन आली, तिनं बघितलं आणि अशी बोंब ठोकली की टेसनातनं हमाल धावत आले. साहेब हसून हसून खरंच मरायचा बाकी राहिला!

मग काम का सोडलं म्हणतोस? सोडलं कुठं — काढलं मला. त्या दिवशी टपाल आलं. काळ्या काठाचं पाकीट — मला काय ठावं, मला वाटलं, लुगड्याला असतोय तसा काठ. साहेबानं ताट पुढं घेतलं, घास उचलला आणि तसाच थांबला. डोळे मिटून. मी म्हणालो, आज नव्या तऱ्हेनं मरतोय गडी! दारात दोन हमाल उभे होते, त्यांच्यासमोर मिरवावं म्हणून नाचत नाचत ओरडलो — पोब्रेसीतो! पोब्रेसीतो! — ताट भिंतीवर गेलं रे. आणि साहेबाचं बोट दाराकडं. सांजला टेसनमास्तरांनी सांगितलं, काळा काठ म्हंजे मरणाची चिठ्ठी, आय गेली त्याची. समिंदरापल्याड, महिन्यामागं. लाज वाटली मला, यशवंता. अजून वाटती. माफी मागायला गेलो तर तोंडात काय? ब्रोमा, पायासो, ग्वासोन! दोन वर्सांत रडायचा एक शब्द शिकलो न्हाई.

आपल्यात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत न्हाई, सोयरे-शेजारी कडू घास नेत्यात. ह्याला कोण नेणार? म्या रोज मागच्या पायरीवर पेजेचं मडकं ठेवायचं आणि पळायचं. सांजला बघावं तर मडकं रिकामं — आणि धुतलेलं! सोताचा पेला कधी धुतला न्हाई त्या माणसानं. पण हाक मारली न्हाई. आणि काल मास्तर म्हणाले, खानापूरचा आचारी येतोय — म्हंजे तू. बरं झालं. मी म्हणतो, बरंच झालं. माझी नाचणी हाय डोंगरावर, कणगराचे कंद हायती, मला काय अडलंय साहेबाच्या थट्टेवाचून? सुंदरीची करीन. तिला आवडत न्हाई, ती गोष्ट येगळी.

काय? ठसका कसला लागतोय म्हणतोस? मला न्हाई बा काय लागत... बरं, सांगतो. मघा तू आडावर गेलतास न्हवं, तवा मागल्या दारानं आत शिरलो नि तुझा तो फिक्का रस्सा म्या बाजूला ठेवला. तू ताटात वाढलास तो माझा, घरनं आणल्याला. आज तेरावा दिस — आय-बा लांब देशी गेले तर सुतक बातमी कानावर आली तवापास्नं मोजायचं. तेराव्याला तोंड गोड करत्यात, आता जेवा, हसा म्हणत्यात. म्या तिखट केलं. एकवीस मिरच्या! बोलायला शब्द नव्हता, मग काय करू? ताट तूच नेऊन ठेवलंस, माझं नाव न्हाई घेतलंस न्हवं? झ्याक. भिंतीवर फेकलं तर सांग, लखूनं केलं हुतं, नि लखू गेला गावाला.

गप! खुर्ची ओढली. बसला. झाकण काढलं... चमचा वाजला... श्वास सुदीक घेऊ नगंस. लई येळ लावतोय रे. न्हाई खात. ओळखलं आणि न्हाई खात. जाऊ दे, यशवंता, मी निघतो, घोंगडं कुठाय माझं — तू ते शब्द इसरू नगंस, ब्रोमा म्हणजे —

ऐकलंस? आरं, ऐकलंस का? खुर्ची पडली! मेला, मेला माझा साहेब! हट, वाट सोड, दारात मी उभा राहणार, उशीर झाला तर तसाच पडून राहील त्यो — पोब्रेसीतो! आलो, आलो रं माझ्या बाबा, पोब्रेसीतो! — आणि तू काय बघतोस टकामका? दुपारची गाडी घाट चढून आली बघ. उचल बोचकं. आणि जाताना तुझा रस्सा घेऊन जा!