भात्यावरचे पाय

—नाही, त्या फळीवर नका बसू, ती भात्याची आहे. तुम्ही टेकलात की पुढं ऑर्गन हंबरतो आणि पाद्रीबुवा माझ्यावर डाफरतात. एकदा त्यांनाच बसवलं होतं मी — जाऊ दे. त्या पिंपावर बसा. तर काय विचारत होतात, आयखलर मास्तर कसे होते? लाइपझिगहून चरित्र लिहायला आलात आणि विचारता कुणाला, तर भाता तुडवणाऱ्या योस्टला. शहाणी माणसं संपली वाटतं गावातली. अहो पाहुणे, एकोणतीस वर्षांत मी त्यांना ऑर्गन वाजवताना पाहिलं नाही — ते भिंतीच्या त्या अंगाला, मी ह्या. त्यांनी दोरी ओढली की ही घंटी वाजायची, घंटी वाजली की मी तुडवायचं. वारं माझं, सूर त्यांचे. नाव? नाव त्यांचंच, वाऱ्याला कुठं नाव असतं.

हाल म्हणाल तर — थंडीत बोटं वळेनात म्हणून मास्तर उकडलेले बटाटे खिशात घालून यायचे, हात शेकायला, आणि प्रार्थना संपली की तेच खायचे. मी एकदा त्यात गुळगुळीत गोटा ठेवला. चावला त्यांनी. दाढ धरून हसत बसले. गावच्या पंचांना त्यांचं वाजवणं लांबलेलं वाटायचं, घरी रविवारचं मटण करपतं म्हणायचे. मास्तरांनी स्वतःची चार लेकरं पुरली ह्याच आवारात. चारही वेळा स्वतः वाजवलं, मी तुडवलं. तेव्हा नाही हो खोडी केली, एवढी अक्कल आहे मला. कुठली खोडी? आमची जुनीच. मास्तर रंगात आले की त्यांना थांबायचं भान नसायचं, मग मी फळीवरून उतरायचो. वारं संपलं की ऑर्गन म्हाताऱ्या गाईसारखा कण्हायचा, लोक हसायचे, मास्तरही. सगळेच भातेवाले करतात, मी जरा जास्त.

आता लेखणी खाली ठेवा, हे लिहायचं नाही. ड्रेस्डेनहून दरबारचे तिघे आले होते त्यांना ऐकायला. पसंत पडले असते तर राजाच्या पदरी, उबदार घर, बटाटे नुसते खायला. मास्तरीणबाई आदल्या दिवशी मला सॉसेज देऊन गेल्या — योस्टभाऊ, उद्या चेष्टा नको हं. खाल्लं मी ते. आणि दुसऱ्या दिवशी ऐन भरात उतरलो. का म्हणजे काय — पाय दुखतात की माणसाचे — नाही, पाय नव्हते दुखत. वाटलं, हे गेले तर मी कुणासाठी तुडवायचं. ऑर्गन कण्हला, दरबारी हसले, टोप्या घालून चालते झाले. मास्तर आत डोकावले, म्हणाले, वारं संपलं का रे योस्ट? मी म्हटलं, भाता फाटला. आणि ते वळल्यावर सुरीनं फाडला. मग सतरा वर्षं इथंच राहिले, इथंच खोकत गेले. बाईंनी पुन्हा सॉसेज दिलं नाही. मास्तरांनी मात्र त्यावर एक शब्द काढला नाही.

हे काय काढलंत, मास्तरांच्या हातचे स्वरांचे कागद? त्यांची शेवटची मोठी रचना — माहीत आहे, मीच तुडवली. मध्येच सगळं गप्प होतं ना तिच्यात. पाद्रीबुवा म्हणतात, तो प्रभूचा मृत्यू. असेल. मला एवढंच ठाऊक की तिथं वारं कुठं जात नाही, फळी पायाखाली दगड होते, नुसतं उभं राहायचं. उतरलो का? नाही उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नाही. कोपऱ्यात काय खरडलंय त्यांनी? मला नावापुरतंच वाचता येतं — हे माझं नाव आहे. वाचा की.

पुन्हा वाचा. सावकाश.

“इथं सगळे थांबतील. योस्ट, तू उतरू नकोस.”

...म्हणजे ठाऊक होतं. सतरा वर्षं.

घंटी वाजली बघा, नवे मास्तर आलेत सरावाला. उठा, जिना अंधारा आहे, भिंत धरून उतरा. नाही, आणखी काही नाही माझ्याकडे. जा म्हटलं ना — फळीवर चढलो की मी बोलत नसतो.