काच मह्या हातात, फुंक शांताची

आमचं गाव फुलंब्रीकडचं. बाप कापसात राबला, मला छावणीतल्या एका उस्तादानं काचेला लावलं. कॉलेजच्या प्रयोगाला लागती ती काच बगा, नळ्या, फुगे, आन् कंडेन्सर, त्याच्यात मोठ्या नळीच्या पोटात दुसरी नळी वेटोळं घालून बसती. उस्ताद म्हणायचे, बेटा, हाथ सबकू रहते, हुनर दम में रहता. आन् काय सांगू तुम्हाला, मव्हा दमच गेला. छातीचं दुखणं झालं, डॉक्टर म्हणले आता फुंकायचं नाव काढू नका. उस्मानपुऱ्यातलं मव्हं दुकान बंद व्हायची पाळी, मी लई चिडका झालो, भरल्या ताटावरून उठायचो.

तव्हा मही बायको शांता म्हणली, फुंकायचंच हाय ना, मी फुंकते, तुम्ही हात चालवा. काचेला रबरी नळी असती, तिचं टोक तोंडात धरायचं, मी मान हलवली की फुंकायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी बाईनं चूल फुंकल्यावानी फुंकली, काच फुगून फाटकन फुटली. मी ओरडलो, तर म्हणती, जल्मभर चूलच फुंकली, दुसरं काय येणार. मंग म्हणलं, लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर फुंकतीस ना, तसं फुंक. ते तिला कळलं.

मंग कॉलेजातले एक सर जुना कंडेन्सर घेऊन आले, जोडापाशी तडकलेला. म्हणले, असा दुसरा मिळत नाय, सांभाळून. मी व्हय म्हणून बसलो आन् मनातून घाबरलो, ह्यो बिघडला की दुकानाला कुलूपच.

उन्हाळा, तरी पंखा बंद, तापली काच वाऱ्यानं तडकती म्हून दारबी लोटलेलं. जोड लाल झाला, ढिला पडला, मी फिरवतोय, फिरवतोय, आन् नेमकी मला ढास लागली. मान नुसती हलती, त्यात इशारा कोणता आन् खोकला कोणता तिला कसं कळावं? हात थांबवता येत नाय, तोंडातून शबूद निघत नाय, एक फुंक चुकीची गेली की संपलं.

शांतानं मह्याकडं बघितलंच नाय. तिची नजर काचेवर. जोड जरा आत वळला तशी तिनं बारीक फुंक घातली, थांबली, पुन्हा घातली. जोड गोल राह्यला. मंग जाळ हळूहळू कमी करत दोघं कान देऊन बसलो, कारण काच निवताना तडकली तर टिक वाजती. वाजली नाय. मी रडलो, लपवलं नाय.

आता मी मान हलवीत नाय. घरी भाजीच्या मिठावरून भांडतो, जाळापाशी मातर गप. देवानं तिची छाती साबूत ठेवावी. मह्या वाट्याचा दम फुंकून झाला.