आठवी मात्रा

“ताल रक्तात असावा लागतो मैत्री, कंप्युटरला तो काय कळणार?”

“सर, कंप्युटरला चार-चारचं माप तुम्हीच दिलंत. गाणं सात मात्रांचं. मग उरलेल्या आठव्या मात्रेला तो प्रत्येक ओळीनंतर गप्प बसतो.”

नारायण पेठेतल्या दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या विमलाबाईंची दाढ हे ऐकता ऐकता दुखायची थांबली. शेजारी गायनवर्गाचे दशरथ सर विद्यार्थिनीच्या लॅपटॉपमध्ये डोकावत होते.

“दुरुस्त कर. संध्याकाळी कार्यक्रम आहे.”

“केलं. पण वर्गातल्या बायका महिनाभर कंप्युटरने छापलेला तोच स्वरलिपीचा कागद बघून गातायत.”

“म्हणून थांबत होत्या होय? मला वाटलं, भाव उमगला. मी कौतुकही केलं.”

“हिराताई तर तिथे डोळे मिटतात.”

“मग राहू दे आठ. फक्त तबलजींना सांगायचं.”

“हिंमतरावकाका? ते ऐकून घेतील?”

“म्हणून तर इथे गाठतोय. दाढ काढल्यावर माणूस उलट बोलत नाही.”

दार उघडलं. तोंडात कापूस धरून हिंमतराव बाहेर आले. सरांनी आठ मात्रांचं सगळं सांगितलं. हिंमतरावांनी शांतपणे सात बोटं दाखवली आणि कापूस काढायला हात तोंडाकडे नेला.

“डॉक्टर,” सर घाईने आत डोकावून म्हणाले, “तो कापूस कार्यक्रम संपेपर्यंत ठेवायला सांगा ना.”