एकाच माणसाचा डबा

वालपराइसोला मी किंचाळले कशी, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना! चिलीतलं बंदर ते, डोंगरभर रंगीत घरं. निघताना आईला ठणकावलं होतं, "मी एकटी जाणार. तिथे तरी आपल्या बिल्डिंगमधलं कोणी नको!" आखातातल्या आमच्या अल मनखूल वस्तीत शिंकलं तरी चार मजल्यांवरून काढा येतो, यार.

तिथे एका रंगवलेल्या जिन्यावर बसले, फोटो स्टेटसला टाकला. तासाभराने मागून चक्क मराठीत आवाज, "अनघा ना गं तू?"

मी किंचाळलेच! समोर एक दाढीवाला माणूस, हातात स्टीलचा डबा.

"घाबरू नको. तुमच्या खालच्या शबानाचा मी भाऊ, बोटीवर कुक आहे. बोट कालच इथे लागली. तुझ्या आईने शबानाला सांगितलं, पोरगी उपाशी असेल. या जिन्याचा फोटो दाखवत, लोकांना विचारत आलो."

डब्यात कोलंबीचं कालवण आणि भात! तिथूनच आईला फोन लावला. "आई, मी एकटी आले होते ना!"

"हो गं," आई शांतपणे म्हणाली, "म्हणून तर एकाच माणसाचा डबा सांगितला."